भाड्याची पावती

आमचा कारंज्यातील वाडा पणजोबांनी बांधला. कापसाच्या व्यापाराला तेव्हा बरकत होती. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी 'शकुंतला' गावच्या स्थानकावर थांबत असे आणि जिनिंगच्या कारखान्यांत हंगामभर माणसांची वर्दळ असे. सागवानी तुळया, मध्ये चौक, पुढे ओसरी आणि मागे बोळात उघडणाऱ्या दोन खोल्या, अशी त्या वाड्याची रचना. मागच्या दोन खोल्यांत पूर्वी सरकी भरत असत. पुढे त्या भाड्याने दिल्या गेल्या. आज ज्या घटनेविषयी लिहीत आहे, ती या दोन खोल्यांची आहे. तीत माझे वर्तन शोभण्यासारखे नव्हते, हे आरंभीच प्रांजळपणे सांगतो.

१९८७ साली जिनिंगमध्ये मुनीम असलेले एक गृहस्थ पत्नी आणि लहान मुलीसह त्या खोल्यांत राहावयास आले. वडिलांनी करारपत्र केले नाही, पावतीपुस्तक ठेवले नाही. "माणूस सरळ आहे," एवढ्यावर व्यवहार ठरला. तेव्हाच्या पद्धतीने तो ठीकच होता. मुनीमभाऊ २०१५ मध्ये वारले. त्यांच्या पत्नीला आम्ही घरातील सर्व जण वहिनीच म्हणत असू. त्या लोकांकडे स्वयंपाक करून आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया करून दिवस काढू लागल्या. मुलीचा संसार मोडला, तेव्हा ती शाळकरी लेकीला घेऊन आईकडेच परतली. अशा तिघी जणी त्या दोन खोल्यांत राहत होत्या.

२०२० मध्ये वडील गेले आणि वाडा आम्हा भावांच्या नावावर आला. धाकट्या भावाच्या डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचे कर्ज होते. माझी सेवानिवृत्ती झाली होती. वाड्याचा एकेक कोपरा ढासळत होता. गिऱ्हाईक चालून आले. किंमत चांगली होती, परंतु वाडा रिकामा हवा, अशी अट होती. वहिनींना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, आमी तिघी जाऊ कुठं?" आम्ही म्हटले, "बघा कुठेतरी." त्यांनी खरोखरच शोध घेतला. कुठे अनामत रक्कम झेपेना, कुठे "घरात पुरुषमाणूस कोण?" असा प्रश्न येई आणि बोलणे तेथेच संपे. ही हकिगत आमच्या कानावर येत होती. आम्ही ती ऐकून न ऐकल्यासारखी केली.

२०२२ च्या आषाढात धाकट्याने एक युक्ती काढली. वहिनी भाडे घेऊन आल्या की घ्यावयाचे नाही. तीन-चार महिने थकले म्हणजे 'भाडे थकविले' म्हणून काढता येईल. मी संमती दिली नाही. विरोधही केला नाही. भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. क्षमावाणीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे गल्लीतील प्रत्येक दारी जाऊन हात जोडले, वहिनींच्या दारीही. "उत्तम क्षमा" म्हणताना माझी दृष्टी त्यांच्या दृष्टीला भिडली नाही, हे आजही आठवते. दिवाळी झाली आणि धाकट्याने मागच्या बाजूची पाण्याची तोटी बंद केली. नात शाळेच्या गणवेशात दोन गल्ल्या ओलांडून हापशावरून कळशी आणताना मी माडीवरून पाहिली आणि खिडकी लोटून घेतली.

आठवड्याभरात टपालाने एक पत्र आले. तालुका विधी सेवा समितीचे. न्यायालयात दावा दाखल होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी अमुक दिवशी उपस्थित राहून आपले म्हणणे मांडावे, असा मजकूर होता. धाकटा संतापला. "स्वयंपाकीण बाई आपल्याला कोर्टात नेते!" मलाही राग आला. त्या रागात मोठा भाग लज्जेचा होता, हे पुढे उमगले.

ठरलेल्या दिवशी आम्ही कारंज्याच्या न्यायालयाच्या आवारात गेलो. एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर बाक. आम्हाला बराच वेळ बसावे लागले, म्हणून आमच्या आधीच्यांचे बोलणे कानी पडले. ते लिहिणे मला अगत्याचे वाटते. कारण 'बेघर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या शहरातील पदपथावर झोपणारा माणूस येतो. त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर त्या दिवशी छप्पर होते. ते जाण्याच्या बेतात होते, एवढेच.

पहिले एका तांड्यावरचे वृद्ध गृहस्थ होते. त्या वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरान जमिनींवरील घरांना नोटिसा निघाल्या होत्या. त्यांच्या हातातही असाच एक कागद होता आणि भीतीने त्यांनी तो कित्येक दिवस उशाखाली ठेवला होता. टेबलामागच्या वकील बाईंनी त्यांना सांगितले, "बाबा, नोटीस लपवली तर ती संपत नाही, मुदत मात्र संपते." नंतर त्यांनी क्रमवार सांगितले : मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा काढा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, मतदारयादीतील नाव गोळा करा, उत्तराची दुसरी प्रत घेऊन जा आणि तिच्यावर आवक शिक्का मारून घ्या. शासकीय जमिनीवरील जुनी निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याबाबत २०१८ चा शासन निर्णय आहे. आपले घर त्यात बसते की नाही, हे या कागदांवरूनच कळेल, हेही सांगितले. शेजारी बसलेल्या विधी स्वयंसेविकेने त्यांचे उत्तर तेथेच लिहून दिले. घर वाचेल, असे आश्वासन कोणी दिले नाही. परंतु म्हातारबाबा आले तेव्हा थरथरत होते आणि गेले तेव्हा कुठे जायचे, हे त्यांना ठाऊक होते.

दुसऱ्या एक माउली. शेत आणि घर दोन्ही मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलेले आणि आता सून-मुलगा घरात ठेवीनात. बाईंनी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याची माहिती दिली. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. बक्षीसपत्र वाचून मात्र बाई गप्प झाल्या. त्यात अटीचा उल्लेख नव्हता. "मावशी, खोटी आशा लावत नाही. दस्त फिरवणे अवघड जाईल. पण निर्वाहाचा खर्च मुलाकडून मागण्याचा तुमचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. तो अर्ज आजच करू." अवघड आहे ते अवघड म्हणून सांगणारा सल्लागार मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला आहे.

मग आमची पाळी आली. वहिनी मुलीसह आल्या होत्या. धाकट्याने आरंभीच विचारले, "हिच्याकडे भाडेकरू असल्याचा पुरावा काय? करार दाखवा, पावती दाखवा." आम्हाला ठाऊक होते की दोन्ही नव्हते. वहिनींनी पिशवीतून भिंतीवरच्या दिनदर्शिकांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. वर्षानुवर्षांच्या, पिवळ्या पडलेल्या, खिळ्याच्या भोकापाशी फाटलेल्या. प्रत्येक महिन्याच्या पानावर भाडे दिल्याच्या तारखेला पेन्सिलीने रक्कम लिहिलेली आणि तिच्याखाली शाईत एकच शब्द : 'पावले.'

ते अक्षर माझ्या वडिलांचे होते. 'प' चा पाय थोडा डावीकडे वळवण्याची त्यांची लकब होती. दुकानाच्या चोपड्यांतून, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवरून ते अक्षर मी लहानपणापासून पाहत आलो होतो. वडिलांनी पावतीपुस्तक ठेवले नव्हते. परंतु दर महिन्याला मागच्या बोळात जाऊन, भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून, ते तेथे 'पावले' लिहून येत असत. आम्हा मुलांना याचा पत्ता नव्हता. शेवटची नोंद त्यांच्या निधनाच्या आदल्या महिन्यातली होती. अक्षर कापरे झाले होते, शब्द तोच होता. त्यानंतरच्या पानांवर नुसती पेन्सिलीची रक्कम होती. खाली कोणाचीच शाई नव्हती. भाडे आम्ही घेत होतो, पोच देत नव्हतो.

गठ्ठ्याच्या शेवटी मनीऑर्डरच्या पावत्या होत्या. आम्ही भाडे नाकारू लागल्यावर वहिनी याच टेबलाशी आल्या होत्या आणि स्वयंसेविकेने त्यांना सांगितले होते, "हातात घेत नसतील तर मनीऑर्डरने पाठवा. परत आली तर पावती जपून ठेवा." त्या मनीऑर्डरी आम्हीच परत केल्या होत्या. आमच्या युक्तीची लेखी साक्ष आम्हीच टपालखात्याकडे नोंदवून ठेवली होती.

वकील बाईंनी आवाज न चढवता आम्हाला कायदा समजावला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो की, भाडेकरू गेल्यावर त्याच्या कुटुंबातील सोबत राहणारी व्यक्ती भाडेकरू ठरते. जो भाडे देतो किंवा देण्यास तयार आहे, त्याला थकबाकीच्या नावाखाली काढता येत नाही. आणि खरी थकबाकी असली तरी नोटीस देऊन ९० दिवस थांबल्यावाचून त्या कारणाने दावा लावता येत नाही. भाड्याची लेखी पावती देणे घरमालकाचे कर्तव्य आहे. पाणी, वीज यांसारखी आवश्यक सोय योग्य कारणाशिवाय तोडणे हा अपराध आहे. हे शेवटचे वाक्य उच्चारताना त्यांनी धाकट्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले. कदाचित मी थोरला होतो म्हणून असेल.

पण त्यांनी आमचीही बाजू सांगितली, आणि म्हणून मला त्या टेबलाविषयी आदर वाटतो. त्या म्हणाल्या, "मी तुमची वकील नाही, तुम्ही तुमचा वकील जरूर नेमा. पण हक्क तुम्हालाही आहेत. दर वर्षी ४ टक्के भाडेवाढ कायद्यानेच दिली आहे, ती तुम्ही कधी घेतली नाही. घराची खरी, प्रामाणिक गरज असेल तर त्या कारणावर न्यायालयात दावा लावता येतो. त्याला वेळ लागेल, निकाल कोणत्याही बाजूला जाईल. तोटी मात्र आज संध्याकाळी सुरू झाली पाहिजे." त्या संध्याकाळी ती मी स्वतः सुरू केली.

त्यानंतर तीन बैठका झाल्या. एकदा मी वहिनींना विचारले, "आमच्यावर एवढा राग होता, तर आधी मला का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरी मी सणावाराले पुरणपोळ्या लाटल्या. तिथं येऊन हक्क मांगाले जीभ नाही वळली. इथं वळली." नंतर हळूच म्हणाल्या, "मले वाडा नाही पाह्यजे. मले पावती पाह्यजे. कोनी पुसलं तर दाखवाले."

लोकअदालतीत तडजोड झाली. पुढचा वाडा आम्ही विकावा; मागच्या दोन खोल्या, स्वतंत्र दारासह, आमच्याकडेच राहाव्यात आणि वहिनी तेथे भाडेकरू म्हणून राहाव्यात; भाडे रास्त वाढवावे; नळजोडणी वेगळी करावी; दर महिन्याला छापील पावती द्यावी. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्याविरुद्ध अपील नाही आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच त्याची किंमत असते. वहिनींना या सर्वांसाठी एक पैसाही द्यावा लागला नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि आपत्तिग्रस्त यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. इतरांना ते उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते. योगायोग असा की, ज्या वर्षी वहिनी आमच्या बोळात राहावयास आल्या, त्याच वर्षी हा कायदा संमत झाला. पस्तीस वर्षे तो असून मला, शिकलेल्या शिक्षकाला, त्याचा पत्ता नव्हता.

तडजोड आम्हाला फुकट पडली नाही. मागच्या खोल्या वगळल्याने किंमत बरीच उतरली. धाकट्याच्या कर्जाचा काही भाग फिटावयाचा राहिला. माझ्या वाट्यातून मी काही रक्कम त्याला दिली, तरी तो वर्षभर माझ्याशी मोकळेपणाने बोलला नाही. त्याची अडचण खरी होती. एकाच्या घराचा प्रश्न सुटताना दुसऱ्याच्या घरात काहीतरी उणे झाले. न्याय झाला म्हणजे सगळे सुखी झाले, असे लिहिले तर ते असत्य ठरेल.

माझा एक भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. त्याला हे सांगितले तेव्हा त्याने तेथील पद्धत सांगितली. तेथे २०१७ च्या कायद्याने असे ठरवले आहे की, ५६ दिवसांच्या आत एखाद्यावर बेघर होण्याची पाळी येणार असेल, तर स्थानिक नगरसंस्थेने तेव्हापासूनच मदत सुरू केली पाहिजे. माणूस रस्त्यावर येईपर्यंत थांबावयाचे नाही. 'शेल्टर' ही संस्था १९६६ पासून, तर 'सिटिझन्स ॲडव्हाइस' १९३९ पासून लोकांना असा सल्ला देत आली आहे. आपल्याकडे घरासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तरी आपल्या न्यायालयांनी या दिशेने पावले टाकली आहेत. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथावरील माणसाच्या उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात धरला. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात घर पाडण्यापूर्वी निदान १५ दिवसांची नोटीस देणे बंधनकारक केले, जरी रस्ते, पदपथ, जलाशय यांसारख्या सार्वजनिक जागांवरील बांधकामांना आणि न्यायालयाने आदेश दिलेल्या पाडकामाला ते लागू नाही. पण पंधरा दिवसांत काय करावे, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याला ते पंधरा दिवस भीतीतच घालवावे लागतात. उशाखाली नोटीस ठेवणारे म्हातारबाबा मला म्हणूनच आठवतात.

आचार्य समंतभद्रांनी श्रावकाच्या दानांत आहार आणि औषध यांच्या जोडीने आवासही सांगितला आहे. ते वचन मी पाठशाळेत शिकलो, मुलांना शिकवलेही. ते प्रामुख्याने त्यागी-व्रतींच्या सेवेसंबंधी आहे, हे मी जाणतो. तरी आवासाचे मोल मला धर्मशाळेच्या दगडी पाटीवर दिसत आले आणि माझ्याच मागच्या बोळात दिसले नाही, याचे शल्य आहे. दुसऱ्याला नवे घर बांधून देण्याचे सामर्थ्य आपल्यापैकी थोड्यांनाच असते. परंतु राहत्या घरातून कोणी अकारण उठू नये, एवढे पाहणे आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती असते.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सुचवतो. ज्यांनी जुनी घरे, खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्यांनी पावती द्यावी. नवा करार असेल तर तो लेखी करून नोंदवावा. ही नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे आणि करार नोंदवलेला नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, तेव्हा त्यात हित आपलेच आहे. आणि ज्यांच्या ओळखीत कोणावर घर सोडण्याची पाळी आली असेल, मग ती गायरानाच्या नोटिशीने असो, भावकीच्या वादाने असो, सासरच्या छळाने असो की मुलाच्या निष्ठुरपणाने, त्यांनी त्या माणसाला एकट्याने रडत बसू देऊ नये. १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे. वाशिमला जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आहे. छळामुळे घराबाहेर काढलेल्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घराला जागाच नसलेल्या घरकुल लाभार्थ्यास जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून साहाय्य मिळते. त्याची चौकशी पंचायत समितीत करता येते. जाताना असतील ते सर्व कागद न्यावेत. निरुपयोगी वाटणारेही न्यावेत. आमच्या प्रकरणात निर्णायक ठरली ती खिळ्याला लटकलेली दिनदर्शिका. आपल्या मंदिरांच्या आणि धर्मशाळांच्या सूचनाफलकांवर हा क्रमांक लिहिला गेला, तर मला फार समाधान वाटेल.

आता दर महिन्याच्या पाच तारखेच्या सुमारास वहिनी भाडे घेऊन येतात. मी पावतीपुस्तक काढतो, कार्बन ठेवतो, रक्कम अंकी आणि अक्षरी लिहितो, सही करतो. गेल्या क्षमावाणीला धाकटाही मागच्या बोळात जाऊन आला. काय बोलणे झाले, मी विचारले नाही. वहिनी पावतीची घडी घालून ती पदराच्या गाठीत बांधतात. नात आता दहावीला आहे. मधूनमधून गणित विचारावयास येते. पावती लिहिताना खाली छापलेल्या 'घेणाऱ्याची सही' या जागेच्या वर मी सवयीने आणखी एक शब्द लिहितो. छापील पावतीत त्याची गरज नसते. तरी लिहितो : 'पावले.'